केएक्स २५०चं पासिंग होत नाही

कावासाकीची जुनी केएक्स २५० बाइक घेऊन नागपुरात पासिंग करून घेऊ म्हणता, पण ते होत नाही भाऊ. ती निव्वळ शर्यतीच्या ट्रॅकची गाडी. हेडलाइट, इंडिकेटर बसवले तरी नोंदणी मिळत नाही, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे नोंदणीशिवाय रस्त्यावर आणता येत नाही. पैसे अडकतील.

त्याऐवजी रस्त्यावर चालणारी घ्यायची तर रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० दमदार आहे, ताकद ४० पीएस. पण वजन १९६ किलो. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीच्या पांदणीत चिखल मडगार्डखाली गच्च बसतो, गाडी आडवी झाली की एकट्याला उचलणं फार जड जातं. मी तरी हिरोची एक्सपल्स २०० सुचवेन. वर्धा रोडवर ओव्हरटेकला कमी पडते, खरंय, पण बरीच हलकी आणि स्वस्त. वाचलेल्या पैशात आधी चांगले बूट आणि नी-गार्ड घ्या.