एअर इंडियाची इमारत: सरकारी कचेरी झाली तर बिघडलं कुठे?

दर्यावर्दी (धागाकर्ते)

जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे परत गेली, पण नरिमन पॉइंटची २३ मजली इमारत त्या सौद्यात नव्हती. ती केंद्राच्याच दुसऱ्या कंपनीकडे राहिली. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ती १,६०१ कोटींना घ्यायचं ठरवलं आणि मार्च २०२४ मध्ये केंद्रानं होकार दिला. आता मंत्रालयाची खाती तिथं जाणार.

खरेदीला माझा विरोध नाही. भीती आहे ती प्लायवूडच्या पार्टिशनची. १९७४ची ही इमारत न्यूयॉर्कच्या फिलिप जॉन्सन-जॉन बर्जी या वास्तुविशारद जोडीतल्या बर्जींची आहे. जेआरडी तेव्हा अध्यक्ष होते. एका सरकारी कंपनीला, तेही सत्तरच्या दशकात, समुद्राकाठी असं मुख्यालय उभारावंसं वाटलं, हेच मला मोठं वाटतं. रात्री मरीन ड्राइव्हवर वळलं की माथ्यावरचा लाल सेंटॉर (अर्धा माणूस, अर्धा घोडा, एअर इंडियाचं जुनं बोधचिन्ह) दिसायचा आणि घर आल्यासारखं वाटायचं. आत हातोडा पडण्याआधी दर्शनी बाजू आणि तळमजला वारसा म्हणून जपायचं लेखी ठरावं, एवढंच म्हणणं आहे.

खडूस दादरकर

भावना पोचल्या. पण वारसा कशाचा? मुंबईत मुख्यालय बघायचं तर होमी मोदी स्ट्रीटवरचं बॉम्बे हाऊस बघा. १९२४चं, गेटवे ऑफ इंडियावाल्या जॉर्ज विटेटचं. किंवा सीएसएमटी घ्या. आपण तिला स्टेशन म्हणतो, पण स्टीव्हन्सनं १८८८ मध्ये पूर्ण केली ती जीआयपी रेल्वे कंपनीच्या कचेऱ्यांसकट, आणि आजही तिथं मध्य रेल्वेचं मुख्यालय आहे. त्या दगडात हात आहेत, माकडं-मोर कोरलेत. तुमची ती म्हणजे उभा केलेला काड्यापेटीचा खोका. वर सेंटॉर नसता तर शेजारच्या एक्स्प्रेस टॉवर्समधून ओळखून दाखवली असती का?

दर्यावर्दी

दाखवली असती. पण व्हीटीला तरी सगळ्यांनी पहिल्यापासून डोक्यावर घेतलं होतं का? आपल्याकडे ऐंशी-नव्वद वर्षं झाल्याशिवाय इमारतीला मान मिळत नाही. मरीन ड्राइव्हवरच्या त्या गोलाईच्या आर्ट डेको इमारतींना तो युनेस्कोच्या यादीत २०१८ मध्ये मिळाला. सत्तरच्या दशकातल्या काँक्रीटची पाळी येईपर्यंत काय उरेल?

आराखडा

धंद्यानं आर्किटेक्ट, म्हणून तोंड घालतो. याच जॉन्सन-बर्जी जोडीनं न्यूयॉर्कला एटी अँड टी या टेलिफोन कंपनीचं मुख्यालय बांधलं, १९८४ मध्ये पूर्ण झालं. ३७ मजले, गुलाबी ग्रॅनाइट आणि माथ्याला जुन्या लाकडी कपाटासारखी मधोमध खाच. लोकांनी यथेच्छ टिंगल केली. कंपनी दहा वर्षंही धड राहिली नाही, पुढे सोनीनं इमारत घेतली. २०१७ मध्ये नव्या मालकांनी खालचा दगड उतरवून काच लावायची योजना आणली, तेव्हा मात्र वास्तुविशारद फलक घेऊन रस्त्यावर उतरले आणि २०१८ मध्ये तिला संरक्षित दर्जा मिळाला. वय जेमतेम ३४! कंपनी गेली तरी इमारत टिकते, फक्त कोणीतरी वेळेवर ओरडावं लागतं.

अवांतर: एनसीपीए या नाट्य-संगीताच्या केंद्राचं टाटा थिएटर याच फिलिप जॉन्सनचं, १९८०चं. नरिमन पॉइंटच्या एका टोकाला एक भागीदार, दुसऱ्या टोकाला दुसरा. हे मुंबईच्या किती गाइडना ठाऊक असेल?

नाना, सातारा रोड

तुम्हा मुंबईकरांचं बरं आहे. कामासाठी गावाकडनं येणाऱ्या माणसाला बर्जी कोण नि जॉन्सन कोण. २०१२ला मंत्रालयाला आग लागली, पण जागेची अडचण त्याच्या आधीपासूनची. एक खातं समोरच्या नव्या प्रशासकीय इमारतीत, दुसरं जीटी हॉस्पिटलच्या आवारात. म्हातारा माणूस हातात फाइल धरून उन्हात टॅक्सी शोधत फिरतो. सुमारे ४६ हजार चौरस मीटर जागा मंत्रालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर मिळतेय, तर घालू देत की पार्टिशनं. आणि तुमच्या त्या सेंटॉरचं काय, विमान कंपनीनंच २००७ला नवं बोधचिन्ह काढलं. तिनं सोडलं, आपण का धरून बसायचं?

खडूस दादरकर

नानांना +१. फक्त एक हिशोब कोणी सांगेल का? जमीन मुळात राज्याचीच, भाडेपट्ट्यानं दिलेली. त्यापोटी कंपनीकडून येणं असलेले जवळपास ३०० कोटी राज्यानं माफ केले, वर १,६०१ कोटी मोजले. स्वतःच्याच वाड्यात शिरायला भाडेकरूला पागडी!

माजी_एआय

या इमारतीत नोकरी केलीय, म्हणून खोका शब्द लागला. १२ मार्च १९९३, शुक्रवार. शेअर बाजारात स्फोट झाल्याची बातमी वर पोचली होती, आणि थोड्या वेळानं आमच्याच पोर्चपाशी गाडी उडाली. २० माणसं गेली. जिन्यानं उतरताना पायाखाली काच वाजत होती, तो आवाज अजून जात नाही. इमारत मात्र उभी राहिली आणि आम्ही पुन्हा कामाला जाऊ लागलो. कंपनीचं मुख्यालय २०१३ मध्ये दिल्लीला हललं तेव्हा जास्त रिकामं वाटलं, खरं सांगते.

भिंतींवरची चित्रंही गेली. हुसेन, गायतोंडे रोजचे वाटायचे आम्हाला. तो सगळा संग्रह आता राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे आहे. सांभाळला जाईल, ठीक आहे. पण ती चित्रं त्याच इमारतीत चार लोकांना बघता आली असती तर?

खडूस दादरकर

ताई, खोका शब्द मागे घेतो. पागडीचा मुद्दा नाही.

दर्यावर्दी

नाना, वरचे बावीस मजले तुमचे. हवी तितकी पार्टिशनं मारा. तळमजल्याला तेवढा हात लावू नका, ते दालन तसंच मोकळं राहू द्या.

नाना, सातारा रोड

मोकळं ठेवा, पण बसायला बाकडी टाका. आणि पाण्याचा माठ.

आराखडा

बाकड्यांचं डिझाइन मी फुकट करून देतो. माठाचं टेंडर निघेल.