खांदेरीचा तटच स्मारक

किल्ले हा पर्यटनाचा विषय, हुतात्म्यांची स्मारकं वेगळी, असं काही जण म्हणतात; ते मत मला अजिबात पटत नाही. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांत अलिबागजवळच्या थळसमोरचा खांदेरी हा बेटावरचा किल्ला आहे. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या आरमारातले सरदार मायनाक भंडारी यांच्या माणसांनी इंग्रज आणि सिद्दी दोघांना तोंड देत तिथे तटबंदी उभारली. त्या लढ्यात पडलेल्या किती खलाशांची नावं आपल्याला ठाऊक आहेत? त्यांच्यासाठी तो तटच स्मारक. म्हणून त्याच्या दगडांवर नाव खरवडणारा मला स्मारक विद्रूप करणाराच वाटतो. स्मारकाचा नवीन चौथरा बांधण्याआधी बुरुजांच्या सांध्यांत रुजलेली झाडं जाणकारांकडून काढून घ्या, आणि थळच्या किनाऱ्यावर या लढ्याचा मराठी फलक लावा.