प्रतिसाद: येमेनमधल्या बायका आणि संगणक

येमेनमधल्या बायका संगणक शिकतायत, त्यावर वर कुणीतरी विचारलंय, "युद्ध चालू असताना एक्सेल शिकून कुणाचं पोट भरणार?" उलट तिथे तेच भरू शकतं. २०१६ मध्ये सरकारने मध्यवर्ती बँक हूथी बंडखोरांच्या ताब्यातल्या सना या राजधानीतून दक्षिणेतल्या एडनला हलवली आणि उत्तरेतल्या सरकारी नोकरांचे पगार थकले. त्यात शिक्षिकाही आल्या. शिवाय हूथींच्या भागात घरच्या पुरुषाला, म्हणजे महरमला, सोबत घेतल्याशिवाय बाईला दुसऱ्या गावी जाणं कठीण. मग हिशेब, भाषांतर, डिझाइन अशी घरबसल्या होणारी कामंच हाताशी उरतात.

बरं, शिकायचं म्हटलं तर वीज गच्चीवरच्या सोलर पॅनेलची, म्हणजे सूर्य मावळला की बॅटरी पुरेल तेवढंच. जानेवारी २०२२ मध्ये होदेदा या बंदराच्या शहरातल्या दूरसंचार इमारतीवर हवाई हल्ला झाला, तर जवळपास अख्ख्या देशाचं इंटरनेट चार दिवस गायब! अशात कुणाला काम वेळेत देणार?

एक गंमत: अरबी एक्सेलमध्ये 'ए' रकाना उजवीकडे असतो. इंग्रजी फाइल उघडली की सगळं उलटं.

(एडन म्हटलं की आपल्याला तिथल्या तुरुंगात वारलेले वासुदेव बळवंत फडकेच आठवतात; तेव्हा एडन मुंबई इलाख्यात होतं.)