नाशिकच्या जुन्या टॉकीजचं साल नेमकं कुठून काढायचं?

पंचवटीकर

नमस्कार मंडळी. आईचं वय ७८. तिला तारखा आठवत नाहीत, टॉकीज आठवतात. ताईचा जन्म कधीचा विचारलं तर सांगते, "मधुकरला रात्रीचा खेळ बघून आलो आणि पहाटे मला दवाखान्यात नेलं." काकांचं लग्न ठरलं ते सर्कलच्या मध्यंतरात, चहा पिताना. दिवाळीपासून मी वही घेऊन तिच्याजवळ बसतो. हेमलता, सर्कल, मधुकर, दामोदर, महालक्ष्मी, विजय-ममता, विजयानंद, नाशिकरोडची रेजिमेंटल आणि अनुराधा, एवढी नावं उतरवून झाली. प्रत्येकापुढे तीन रकाने आखलेत: कधी उघडलं, नाव बदललं का, कधी बंद पडलं. बहुतेक कोरेच आहेत.

विजयानंदपुढे मात्र एक तारीख पक्की आहे, २१ डिसेंबर १९०९. त्या रात्री तिथे नाटक पाहायला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरेंनी गोळ्या झाडल्या. म्हणजे तेव्हा ते नाट्यगृह होतं. आईने मात्र तिथे सिनेमेच पाहिलेत.

ज्यांनी या टॉकीजमध्ये काम केलंय किंवा ज्यांच्या घरात कोणी केलंय, त्यांनी कृपया लिहा. आई आहे तोवर वही पुरी करायची आहे.

सिडकोचा

जुन्यांबद्दल मला फारसं सांगता येणार नाही, पण नव्या मल्टिप्लेक्सचंही आत्ताच लिहून ठेवा. फेम २०१०-११ मध्ये आयनॉक्सकडे गेलं. सिनेमॅक्स २०१२ च्या अखेरीस पीव्हीआरने घेतलं. अ‍ॅडलॅबचं बिग सिनेमाज झालं आणि २०१४ मध्ये ते कार्निव्हलने विकत घेतलं. २०२३ मध्ये तर पीव्हीआर आणि आयनॉक्सच एक झाले. पण पुणे रोडला रिक्षावाल्याला अजून "फेम सिग्नल"च सांगावं लागतं, आणि त्रिमूर्ती चौकातलं दिव्या आमच्या तोंडी दिव्या अ‍ॅडलॅबच आहे.

बूथमधला

पंचवटीकर, तुमचं वाचून राहवलं नाही. मी १९७३ साली, एकोणिसाव्या वर्षी, गावातल्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटरच्या हाताखाली लागलो. नाव लिहीत नाही, मालकांची पुढची पिढी इथेच आहे.

आधी तुमच्या तिसऱ्या रकान्याबद्दल. टॉकीज एका दिवसात बंद पडत नाही. आमच्याकडे आधी मॅटिनी थांबली. मग बाल्कनीला कुलूप लागलं, तिकीट कुठलंही घ्या, बसायचं खालीच. मग बिघडलेले पंखे दुरुस्त करणं थांबलं. शेवटचा खेळ झाला त्या रात्री आम्हालाही माहीत नव्हतं की तो शेवटचा. सकाळी गेटवर पाटी होती, "तांत्रिक कारणास्तव खेळ बंद". परवाना त्यानंतरही काही वर्षं चालू ठेवला होता. इमारत पडली ती फार उशिरा. आता यातलं कुठलं साल धरणार? एकाच टॉकीजची दोन-तीन सालं कानावर येतात ती यामुळेच, आणि सांगणारे सगळे आपापल्या जागी खरे असतात. मी म्हणेन शेवटच्या खेळाची तारीख धरा. टॉकीज जिवंत असते ती पडद्यावर उजेड पडतो तोवर.

नावाचंही तसंच. बरेच मालक टॉकीज दुसऱ्याला चालवायला देत. नवा माणूस आला की रंग लागायचा, नवा साउंड यायचा आणि कधीकधी नवी पाटी. कागदोपत्री मात्र जुनंच नाव. आमच्या पगारपत्रकावर एक नाव आणि दारावर दुसरं, असं तीन वर्षं चाललं. तेव्हा पाटी कधी बदलली आणि कागद कधी बदलला, हे वहीत वेगवेगळं लिहा.

आता कामाचं थोडं लिहितो, कारण हे विचारायला आजवर कोणी आलं नाही. बूथमध्ये, म्हणजे जिथून सिनेमा पडद्यावर पडतो त्या खोलीत, दोन मशीन. हजार फुटांचं रीळ साधारण अकरा मिनिटं चालायचं, दोन हजारांचं बावीस. दिव्याच्या जागी कार्बनच्या दोन कांड्या, तांब्याचा मुलामा दिलेल्या. टोकाला टोक लावून जरा मागे घेतल्या की मधे निळसर पांढरी ज्योत पेटायची. कांड्या जळून आखूड होत, अंतर वाढलं की पडदा पिवळा पडायचा आणि खालून शिट्ट्या. म्हणून काळ्या काचेतून ज्योतीकडे बघत एक हात सतत चकरीवर. रीळ संपत आलं की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक ठिपका चमकतो. पहिल्या ठिपक्याला दुसरं मशीन सुरू करायचं, सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका, त्याला बदल मारायचा, म्हणजे पहिल्या मशीनवरून दुसऱ्यावर जायचं. हे प्रेक्षकाला कळता कामा नये. मला शिकवणारे ऑपरेटर म्हणत, "टाळी हिरोला, शिवी आपल्याला. शिवी नाही आली तर आपलं काम झालं."

फिल्म तुटली तर ब्लेडने कडेचा थर खरवडायचा, फिल्म चिकटवायच्या सिमेंटचं बोट फिरवायचं, दाबून धरायचं. त्या सिमेंटचा वास अजून नाकात आहे. पुढे कार्बन गेला, झेनॉन दिवा आला. मग रिळांच्या पेट्या यायच्याच थांबल्या, सिनेमा सॅटेलाइटवरून उतरू लागला. मी त्याआधीच घरी बसलो होतो. शेवटच्या पाच महिन्यांचा पगार मिळाला नाही, तरी मशीनला तेल देऊन, कापड घालूनच बाहेर पडलो.

वाचनालयातली

बूथमधला काका, हे सगळं सविस्तर लिहून काढा, खरंच.

पंचवटीकर, तुम्हाला हव्या त्या तारखा बहुधा दोन ठिकाणी सापडतील. पहिलं म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयाची करमणूक कर शाखा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तोवर तिकिटावर करमणूक कर होता, त्यामुळे विक्रीचा हिशेब टॉकीजला द्यावाच लागे. हिशेब जिथे थांबतो तिथे शेवटचा खेळ. माहिती अधिकारात अर्ज करून पाहा. दुसरं म्हणजे जुनी वर्तमानपत्रं. 'गावकरी' नाशिकचंच, आणि त्यांचंच 'रसरंग'. त्या काळी कुठल्या टॉकीजला काय लागलंय ते रोज छापून यायचं. जाहिरातीतलं नाव बदललं, म्हणजे पाटी बदलली. १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय गावात आहे, सुरुवात तिथून करा.

वहीचं पहिलं पान मात्र फाळक्यांसाठी ठेवा. त्र्यंबकेश्वरला जन्म, १९१३ मध्ये पहिला चित्रपट मुंबईत दाखवून झाल्यावर काम नाशिकला हलवलं, १९१८ ची हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी इथली, आणि १६ फेब्रुवारी १९४४ ला गेले तेही इथेच. ज्या गावात सिनेमे तयार होत होते, त्या गावाला आपल्या टॉकीजची सालं सांगता येऊ नयेत, याचं मला फार वाईट वाटतं.

पंचवटीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचं उत्तर आईला दोनदा वाचून दाखवलं. ठिपक्याचं ऐकून म्हणाली, "मला वाटायचं फिल्मला भोक पडलंय."

वहीत आता तिसऱ्या रकान्याचे तीन केलेत: शेवटचा खेळ, परवाना, इमारत. बाल्कनीला कुलूप लागल्याचं आईलाही आठवतंय. बाल्कनीचं तिकीट हातात असून डोअरकीपरने खाली बसवलं होतं, आणि त्यानंतर ती तिथे गेली नाही. काका, ही टॉकीज तुमचीच असेल असं तिला वाटतंय. शनिवारी आम्ही दोघं वाचनालयात जाणार आहोत. तुम्ही याल का? तुमचा चहा आमच्याकडे.