काळूचे दोन्ही डोळे गेलेत, मागीलदारी विहीर आहे, काय काय करू?

आगरातला
नमस्कार मंडळी, गुहागर तालुक्यातनं लिहितोय. आमचा काळू नऊ वर्षांचा, गावठीच, पण पिल्लू असल्यापासून आमच्या पडवीत वाढलेला. मे महिन्यात त्याचा उजवा डोळा लाल झाला, पाणी यायला लागलं. आम्हाला वाटलं गवताचं कुसळ गेलं असेल, आई रोज कोमट पाण्याने पुसायची. दोन आठवड्यांनी डोळा निळसर आणि मोठा दिसायला लागला तेव्हा डॉक्टरांकडे नेला, तर म्हणाले काचबिंदू आहे, उशीर झाला. आता डावाही गेलाय. परवा मी खळ्यात गप्प उभा होतो तर तो सरळ चालत आला आणि माझ्या गुडघ्यावर नाक आपटलं, मग वास घेतला आणि शेपूट हलवायला लागला. मला तिथेच रडू आलं.

घर उतारावर आहे, ओटीला चार पायऱ्या, मागीलदारी विहीर आणि तिचा कठडा एका बाजूनं ढासळलाय. त्यात गणपती तोंडावर आलेत, मुंबईची सगळी मंडळी येणार, घर भरणार. शेजारचे म्हणतात कशाला हाल करताय मुक्या जिवाचे, इंजेक्शन देऊन टाका. कोणी आंधळा कुत्रा सांभाळलाय का? तो खरंच बरा राहतो का?

कुडाळची सून
दादा, राहतो. आमची राणी चार वर्षं पूर्ण आंधळी होती आणि चौदाव्या वर्षी म्हातारपणाने गेली. आमच्याकडेही लोक हेच म्हणायचे, तेव्हा सासूबाई एकच वाक्य बोलायच्या, "तेका सगळा कळता, तुमकाच कळणा नाय."

पहिला महिना वाईट जातो हे खरं. कोपऱ्यात जाऊन उभी राहायची, बाहेर कसं यायचं कळायचं नाही, ओरडायची. मग हळूहळू तिने घर पाठ केलं. उंबऱ्याजवळ आली की पुढचा पाय उचलून हवेतच चाचपायची, लाकडाला नख लागलं की मग पाय पलीकडे. पायऱ्यांच्या वरती आणि खालती आम्ही काथ्याची पायपुसणी टाकली, पायाखाली खरखरीत लागलं की ती थांबायची. शब्द दोनच शिकवले, "पायरी" आणि "थांब". रोज त्याच जागी तेच शब्द. आठ-दहा दिवसांत शिकली, तोंडात सुक्या बांगड्याचा तुकडा मिळायचा ना!

पाण्याचं भांडं, जेवणाची थाळी, गोणपाट यांची जागा अजिबात हलवू नका. गणपतीत मखर, पाट, खुर्च्या, पाहुण्यांच्या बॅगा सगळं एकदम येतं, तेव्हा त्याला एक खोली किंवा पडवीचा एक कोपरा द्या जिथे काहीच बदलणार नाही. आणि मुलांना आधीच सांगून ठेवा, झोपलेला असताना हात लावायचा नाही, आधी हाक मारायची. राणीने एकदा भाचीला असाच दात लावला होता, चूक तिची नव्हती, बिचारी दचकली.

पशुवैद्य, रत्नागिरी
आधी एक विचारतो, डोळ्यातलं प्रेशर आता किती आहे हे कोणी मोजलंय का? कुत्र्यात ते साधारण १० ते २५ असतं. काचबिंदूत ते खूप वाढतं आणि वेळेत उतरलं नाही तर दोन-तीन दिवसांतही नजर कायमची जाऊ शकते, त्यामुळे उशीर झाला म्हणून आईला दोष देऊ नका. एका डोळ्याला झाला की दुसऱ्यालाही बऱ्याचदा होतो. पण नजर गेली म्हणजे दुखणं थांबलं असं नाही. आंधळा डोळासुद्धा ठणकत राहतो, आणि कुत्रा ते ओरडून सांगत नाही. नुसता जास्त झोपतो, खेळत नाही, डोक्याला हात लावला की मान काढून घेतो, आणि घरचे म्हणतात वय झालं. काळूचं असं होत असेल तर थेंब चालू ठेवा, आणि थेंबांनी प्रेशर उतरत नसेल तर डोळा काढून टाकण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. ऐकायला भयंकर वाटतं, पण दुखणं गेल्यावर तीन-चार आठवड्यांत कुत्रा पुन्हा उड्या मारायला लागलेला मी पाहिलाय. हाल डोळा नसल्यामुळे नाही, दुखण्यामुळे होतात. इंजेक्शनचा विचार त्याच्या आधी करू नका. जवळपास सोय नसेल तर परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात चौकशी करा.

बाकीच्यांसाठी पण लिहितो. म्हाताऱ्या कुत्र्याचा डोळा नुसता निळसर धुरकट दिसला म्हणजे तो आंधळा झाला असं नाही, त्यातून त्याला बऱ्यापैकी दिसतं. शंका असेल तर कापसाचा बोळा त्याच्यासमोर सोडा, त्याचा आवाज होत नाही, नजर त्याच्यामागे गेली तर दिसतंय. खूप पाणी पितोय, वाळतोय आणि डोळे पटकन पांढरे झाले तर साखर तपासा. आपल्याकडे गोचिडींच्या तापानेही डोळे जातात, पावसाळ्यात गोचिडीचं औषध चुकवू नका. आणि मेडिकलमधून माणसांचे थेंब आणून घालू नका, डोळ्याला जखम असेल आणि त्यात स्टेरॉइड गेलं तर डोळा फुटू शकतो.

खाडीकाठ
विहिरीचं आजच बघा, उद्यावर टाकू नका. कठडा होईपर्यंत बांबू आडवे बांधा आणि भोवती दोन हात रुंद खडी पसरा, पायाला टोचली की तो मागे फिरतो. कोणी सांगेल कापूर किंवा डांबरगोळ्या ठेवा वासासाठी, ते करू नका, पोटात गेलं तर विषच आहे.

जोराच्या पावसात जास्त जपा. एरवी हे कुत्रे नाकाकानावर चालतात, पण पाऊस कौलांवर कोसळत असताना त्यांना हाक ऐकू येत नाही आणि जमिनीवरचा वासही धुवून जातो. आमचा मोत्या ऐन जुलैत स्वतःच्या घरापासून वीस पावलांवर हरवला होता, माडाच्या बुंध्याला चिकटून भिजत बसलेला सापडला. रात्री घरातच घ्या, बिबट्या डोळस कुत्र्यालाही सोडत नाही. आणि जुन्या पाण्याच्या पाइपचं कडं करून पट्ट्याला बसवा, नाकाच्या पुढे चार बोटं यायला हवं, मग आधी कडं आपटतं, नाक वाचतं. आम्ही तीनदा करून बघितलं तेव्हा नीट बसलं.

आगरातला
सगळ्यांचे मनापासून आभार, आईला मोठ्याने वाचून दाखवलं. प्रेशर मोजलं, डाव्याचं थेंबांनी उतरलंय पण उजव्याचं ४८ आलं, म्हणजे इतके दिवस तो दुखणं घेऊनच आमच्या पायाशी बसत होता. उजवा डोळा काढायचं ठरवलंय, पुढच्या आठवड्यात. विहिरीला बांबू बांधले, खडी पडली, चिरे उद्या येतायत.

काथ्याची पायपुसणी टाकून पाच दिवस झाले. आज सकाळी आई खळ्यात तांदूळ निवडत होती, काळू वरच्या पायपुसण्यावर येऊन थांबला, पाय पुढे करून चाचपत होता. आई मान वर न करता "पायरी" म्हणाली आणि तो एकेक करत चारही उतरून तिच्या सुपाशेजारी जाऊन बसला.