पहिला बेस गिटार कसा घेतलात?

माळा काढताना काल माझा जुना बेस सापडला. बॅगेला बुरशी, आत नऊ व्होल्टची बॅटरी फुटून हिरवी झालेली. 2009 ला मुंबईत धोबी तलावला घेतलेला. चार तारा असतात एवढंच माहीत होतं. काउंटरवरच्या काकांनी विचारलं अ‍ॅक्टिव्ह की पॅसिव्ह, मी म्हटलं काळा. त्यांनी अ‍ॅक्टिव्ह दिला. कॉलेजच्या पहिल्याच शोला मधेच आवाज फाटायला लागला आणि मग एकदम गप्प. अ‍ॅक्टिव्हच्या आत बॅटरी असते हेच माहीत नव्हतं, आणि केबल खोचून ठेवली की ती संपत राहते हे तर त्याहून उशिरा कळलं. आता लेक मागे लागलीय. तुमचे किस्से टाका.

कल्याणस्लो: "काळा" 😂😂

बारकी_बोटं: दादाने पूर्ण साइजचा म्हणजे 34 इंची स्केलवाला (वाजणाऱ्या तारेची लांबी) घ्यायला लावला, म्हणे सवय होईल. कसली सवय, करंगळी पोचेचना, सहा महिने मनगटाला मूव्ह चोळत बसले. शेवटी विकून 30 इंची शॉर्ट स्केल घेतला. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीचा तो व्हायोलिनसारखा दिसणारा पण 30 इंचीच आहे हे सांगितल्यावर दादा गप. लेकीचा हात आधी बघा, रंग नंतर.

खालची_तार: अ‍ॅम्पचे (आवाज मोठा करणाऱ्या स्पीकरपेटीचे) पैसे बाजूला ठेवा बाबांनो!! मी सगळे बेसवर उडवले आणि मित्राच्या छोट्या गिटार अ‍ॅम्पला जोडला. सगळ्यात जाड ई तार 41 हर्ट्झला, म्हणजे एकदम खर्जात वाजते, तो बिचारा स्पीकर फडफडून फडफडून फाटला, मित्र अजून बोलून दाखवतो. मग मोठा अ‍ॅम्प आणला तर खालच्या काकूंच्या मांडणीवरची भांडी किणकिणायला लागली. वर येऊन विचारतात, पंप चालू राहिलाय का. तेव्हापासून हेडफोन.

कल्याणस्लो: दादरला संध्याकाळी बेस घेऊन चढून दाखवा, मग बोलू. मी मालडब्यात जायचो. एका आजोबांनी विचारलं तंबोरा का, मी हो म्हटलं, त्यांनी सरकून जागा दिली.

बारकी_बोटं: खोटारडा 😄

मोऱ्यांची_सून: वाजवत नाही, नवरा वाजवतो. धोबी तलाव म्हटलं की मला तिथल्या इराणी हॉटेलातला, कयानीचा मावा केकच आठवतो. हे दुकानात दोन तास, मी कयानीत.

चौथा_मजला: सेकंडहँड घेणार असाल तर एक डोळा मिटून नेकवरून, म्हणजे लांब दांडीवरून बघा, कॅरमला नेम धरतो तसं. आमच्याकडे पावसाळ्यात नेक हमखास हलते, माझ्या तारा जुलैत इतक्या वर गेल्या की दाबताना बोटं सोलली. नेकच्या आतली सळई, ट्रस रॉड, अ‍ॅलन कीने पाव फेरा फिरवला, बस. जोर लावू नका, एका मित्राने लावला होता, त्याचा बेस आता भिंतीवर आहे.

धागाकर्ता: लेकीला विचारलं कसला हवा. म्हणाली काळा.

मोऱ्यांची_सून: बापाचीच लेक! आणि मावा केक दुपारनंतर शिल्लक असेलच असं नाही हं, सकाळीच जा.