वॉर्डातून उभी राहा म्हणतात, पण नगरसेविकेच्या हातात असतं काय?

झेरॉक्सवाली :
यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव. नगर पंचायत आहे, १७ वॉर्ड. सध्याच्या सदस्यांची मुदत २०२७ च्या सुरुवातीला संपते. वॉर्ड आरक्षणाची सोडत अजून व्हायची आहे, तरी आमचा वॉर्ड महिला निघणार असं धरून दोन पक्षांची माणसं घरी चहा पिऊन गेली. तहसीलसमोर माझं झेरॉक्स अन् ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. वॉर्डातल्या निम्म्या घरांचे घरकुलाचे अर्ज मीच भरले, म्हणून माझं नाव निघालं असावं. नवऱ्याची ना नाही. सासूबाई म्हणतात, "कायले पडून रायली त्या भानगडीत?"

एकाने जाहीरनाम्याचा कच्चा कागदही दिला. त्यात स्टेडियम, नाट्यगृह, बगिचा. आमच्या गल्लीत नळ पाचव्या दिवशी येतो. कोणी निवडून आलेलं असेल तर सांगा, लोकांपुढे कोणते मुद्दे घेऊन जाऊ?

चौकातला :
ताई, राहू द्या. नगराध्यक्ष आता थेट जनतेतून निवडायचा आहे, सदस्याला विचारतो कोण? मागच्या वेळी सदस्यच नगराध्यक्ष निवडायचे, म्हणून निवडीआधी आमच्या सदस्यांना गाडीत घालून देवदर्शनाला तरी नेलं होतं. आता तेवढाही मान उरला नाही.

माजी नगरसेविका :
मी पडलेली नगरसेविका आहे, म्हणून माझ्याकडे लिहायला वेळ आहे.

बचत गटाच्या बायांनी मला आधी ग्रामपंचायतीवर पाठवलं. पुढे ग्रामपंचायतीची नगर पंचायत झाली, तेव्हा गावात गुलाल उधळला. ग्रामसभा गेली, हे मात्र कोणाच्या ध्यानात आलं नाही. आधी बाया सरपंचाला भर सभेत विचारायच्या, "हापशी काहून बंद हाय?" आता असं उभं राहून विचारायची जागाच नाही. जिल्हा परिषद, पंचायत समितीचं मत गेलं, घरटॅक्स वाढला, आणि ग्रामसेवकाच्या खुर्चीवर मुख्याधिकारी आले, त्यांच्याकडे दुसऱ्या गावाचाही चार्ज. २०१५ ला मी १९ मतांनी निवडून आले. पत्रकावर दोनच गोष्टी होत्या, पाण्याची वेळ आणि नाली. आमचे हे म्हणाले, "एवढ्यावर कोन मत देते?"

पाण्याचं सांगते. आमच्या वॉर्डाला नळ रात्री दोनला यायचा. दिवसभर कापसाची वेचणी करून आलेली बाई दोनला उठून हंडे-गुंड भरायची. सगळे म्हणायचे, पाणीच कमी आहे, नवीन टाकी पाहिजे. मी चार रात्री वॉलमनसोबत, म्हणजे पाणी सोडणाऱ्या माणसासोबत फिरले. (यांना सोबत नेलं, नाहीतर गावाने दुसरंच काढलं असतं.) तेव्हा कळलं की टाकी भरली की आधी उताराचा भाग सोडायचे. आमचा भाग चढावर, आमची पाळी येईपर्यंत टाकी अर्धी व्हायची आणि दाबच उरायचा नाही. भरल्या टाकीवर आधी चढ आणि मग उतार, एवढाच बदल करायचा होता. रुपया लागला नाही. पण सभेत तीनदा भांडावं लागलं, कारण उताराला एका वजनदार सदस्याचं घर होतं. शेवटी संध्याकाळी सहाला पाणी यायला लागलं. पाच वर्षांत मी केलेलं खरं काम तेवढंच, असं मी अजून मानते.

नालीने मला पाडलं. नाली बांधली, सिमेंटची, चांगली. पण अंदाजपत्रक समोर आलं तेव्हा लेव्हल, म्हणजे उतार, विचारायचं सुचलं नाही. पाणी पुढे जाऊन कुठे उतरणार, ते कागदावर नव्हतंच. पहिल्या पावसात सगळं घाण पाणी शेवटच्या चार घरांच्या अंगणात. त्या चार घरांनी मला पाच वर्षं विसरू दिलं नाही, आणि बरोबरच केलं.

त्यात दुसऱ्या निवडणुकीत ओबीसी आरक्षणाला सुप्रीम कोर्टाची स्थगिती आली. बाकी वॉर्डांचं मतदान २१ डिसेंबर २०२१ ला झालं. आमच्यासारख्या ओबीसी राखीव जागा सर्वसाधारण झाल्या आणि १८ जानेवारी २०२२ ला मतदान. महिनाभरात समोर नवी, पैसेवाली उमेदवार. दुसऱ्या दिवशी मोजणी, मी ४३ मतांनी गेले.

आता तुझे मुद्दे. स्टेडियमवाल्याला एकच विचार, पैसा कोणत्या हेडमधून? पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला होता. घरटॅक्सच्या वसुलीतून आमच्यासारख्या गावात दिवाबत्तीचं बिल निघणं कठीण, नाट्यगृह कुठलं बांधता?

आणि घरकुल देते, असं चुकूनही म्हणू नको. अडीच लाखांतले दीड केंद्राचे, एक राज्याचा, आणि अडतं ते जागेच्या कागदावर. सरकारी जागेवरचं १ जानेवारी २०११ पूर्वीचं राहतं घर नियमानुकूल, म्हणजे कायदेशीर करायचा शासनाचा निर्णय आहे, पण जुना पुरावा जुळवून द्यायला माणूस नसतो. ते काम तू दुकानात बसून आताच करतेस. "फाईल कुठं अडली ते सांगीन" एवढंच बोल.

प्रचार वेचणीच्या दिवसांत आला तर दुपारी दारोदार फिरू नको, घरी म्हातारी माणसं आणि कुत्री भेटतात. रात्री आठनंतर जा, नाहीतर सकाळी बाया शेताच्या गाडीची वाट बघतात तिथे.

झेरॉक्सवाली :
काकू, वॉलमनचं वाचून नवऱ्यालाही दाखवलं. एक अडचण आहे. दीर नगर पंचायतीला मुरूम पुरवतात, आणि त्यांच्या फर्मच्या कागदावर माझी भागीदारी आहे. नावापुरती.

निवडणूक टेबलावरचा :
"नावापुरती" हा शब्द उमेदवारी अर्जाच्या छाननीत चालत नाही. १९६५ च्या नगर परिषद कायद्यात, परिषदेच्या कामात स्वतःचा किंवा भागीदारामार्फत हितसंबंध असेल तर माणूस अपात्र ठरतो. निवडून आल्यावर उघड झालं तरी सदस्यत्व जातं. उभं राहायचं असेल तर अर्जाच्या बऱ्याच आधी, रीतसर कागदावर बाहेर पडा, आणि वकिलाला दाखवा. घराचा कर थकलेला नको. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालेलं नको. राखीव जागा निघाली तर जात वैधता प्रमाणपत्राच्या मागे आजपासून लागा, त्यात भले भले गेलेत. खर्चाला वेगळं बँक खातं लागतं आणि निकालानंतर ३० दिवसांत हिशेब. पडलेल्यांनीही द्यायचा असतो, बरेच जण देत नाहीत आणि पुढच्या वेळी अपात्र होतात.

चौकातला :
म्हणजे ताई उभ्या राहणार. आमचा वॉर्ड शेजारचाच असावा असं वाटून राहिलं. नाली कुठं उतरते, तेवढं आमचंही बघा.

माजी नगरसेविका :
दिराशी आधी तू बोल, नवऱ्याला पुढे करू नको. आतापासून ती सवय लागली तर पुढे सभेला तू घरी आणि ते खुर्चीवर, असं होतं. आमच्याकडे दोघींचं तसंच झालं. सह्या त्यांच्या, बोलणं नवऱ्यांचं.

तुमच्याकडे नळ पुन्हा कधी?

झेरॉक्सवाली :
परवा. रात्री अकराला टाकीवर सोडतात म्हणे.

माजी नगरसेविका :
मग परवा जा. चहाचा थर्मास ने, वॉलमन बोलायला लागतो. आणि सासूबाईंना सोबत घे, त्यांना जुनी पाइपलाइन कुठून गेली ते माहीत असेल.